सर्जेरावांची गरिबी

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा निमगाव केतकीतला रिवाज. पण सर्जेरावांची श्रेया अमेरिकेत, आणि डॉक्टरनं तिला विमानात बसायला बंदी केलेली. सत्त्याण्णव सालचा उन्हाळा होता. लेक येत नाही तर माहेरानंच उठून तिकडं जायचं, असं तिच्या आईनं, द्वारकाबाईंनी ठरवलं आणि डिंकाचे लाडू वळूनसुद्धा टाकले. व्हिसा नावाची गोष्ट मध्ये आडवी येते, हे त्यांना नंतर कळलं.

शेजारच्या कुंडलिकनं मुंबईत नोकरी केलेली. त्यानं सर्जेरावांना बजावलं, "तात्या, त्यास्नी एकच भ्या असतंय, मानूस तिकडंच ऱ्हाईल. हितलं भरलं घर टाकून कोन ऱ्हातंय, असं त्यांना वाटाय पायजे. ऊस, हीर, ट्रॅक्टर, समदं सांगा."

"सांगतो की. हाय त्ये सांगाय काय जातंय?"

जात काही नव्हतं, पण सवय नव्हती. सरकारी साहेब दिसला की सर्जेरावांचा चेहरा आपोआप उतरायचा आणि त्यांच्या बारमाही विहिरीला कोरड पडायची. तसा सगळा तालुकाच यात तरबेज, पण सर्जेरावांचा हात धरणारा कुणी नव्हता. मागे चौकशीला आलेला एक साहेब तर त्यांचं रडगाणं ऐकून जाताना आपला जेवणाचा डबा ठेवून गेला होता.

मुंबईच्या व्हिसा कचेरीत काचेपलीकडं गोरा साहेब बसला होता, आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायला शेजारी एक बाई. साहेबापुढं शिक्का होता. सर्जेरावांची नजर त्या शिक्क्यावर गेली आणि घात झाला.

"शेती किती आहे, काका?" बाईंनी विचारलं.

"असंल दोन एकर," सर्जेरावांचं तोंड बोलून गेलं. "ती बी खडकाळ."

द्वारकाबाईंनी कोपर मारलं. त्याचा उपयोग झाला नाही.

"पाणी?"

"कुठलं आलंय पानी? मानसांना प्यायला न्हाय."

"घर?"

"पत्रा हाय वर. वाऱ्यानं उडंस्तवर घर म्हनायचं."

साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि मवाळपणे एवढंच विचारलं, की मग तुम्ही परत कशाला याल?

सर्जेराव काचेजवळ सरकले. "न्हाय, म्हंजी खरं बगाय गेलं तर सोळा एकर ऊस हाय. दोन हिरी हायत. माडीचं घर हाय, ट्रॅक्टर हाय..."

उभ्या उभ्या माणसाची जमीन अशी वाढलेली साहेबानं कधी पाहिली नव्हती. त्यानं पेन खाली ठेवलं.

"काका, यातलं खरं कुठलं?" बाईंनी विचारलं.

"दुसरं," सर्जेराव म्हणाले. "पैलं सरकारसाठी हुतं."

त्यांच्या पासपोर्टावर नकाराचा शिक्का बसला. द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडं लेक अवघडलेली, एकटी, आणि वाट अडवली ती घरच्याच माणसाच्या जिभेनं.

"तुम्ही तरी परत याल का?" बाईंनी त्यांना विचारलं.

"न यिऊन सांगते कुनाला?" द्वारकाबाई चिडून म्हणाल्या. "ह्यास्नी च्याचं आधन ठेवाय येत न्हाय. आन् बोलनं तर आत्ता बगितलंच तुमी. ह्यांच्या भरवशावर घर टाकून मी किती दिस ऱ्हानार? लेकराला पाळन्यात घातलं, लेक हिंडाय-फिराय लागली, की निगाले."

साहेबानं सर्जेरावांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तो पहिल्यांदा हसला. असा नवरा मागे राहतोय, याहून भक्कम तारण त्याला नको होतं. द्वारकाबाईंना व्हिसा मिळाला.

नात झाली. तिचं बारसं झालं आणि एके दिवशी द्वारकाबाईंचा फोन आला.

"आवं, जेवताय का नीट?"

सर्जेरावांपुढं करपलेलं पिठलं होतं. कालही तेच होतं. पण फोनमधून नातीचं रडणं ऐकू आलं आणि त्यांना भरून आलं. दोघींना सोडून हिनं आपल्यासाठी पळत यावं, हे काही त्यांना बरं वाटेना. "मला काय धाड भरलीया?" ते म्हणाले. "भाकरी हाय, कालवन हाय, दूध हाय. काय कमी न्हाय बग. तू निवांत ऱ्हा."

"व्हय?" द्वारकाबाईंचा आवाज एकदम खुलला. "श्रेया म्हनतीच हाय, दिवाळीपत्तोर ऱ्हा. मग ऱ्हातेच."

दिवाळी ऐकून सर्जेरावांनी पिठल्याची थाळी बाजूला सारली. "अगं, तसं न्हाय," ते घाईघाईनं म्हणाले, "खरं सांगतो, घरात खायला कायबी न्हाय."

"ऱ्हाऊ द्या," द्वारकाबाई हसत म्हणाल्या. "मी काय सरकार हाय व्हय?" आणि त्यांनी फोन ठेवला.