भालेरावांनी बाळासाठी काढलेली खोली

एका जंगलात, मुलांनो, एक टेकडी होती. टेकडीच्या पोटात एक बीळ होतं. त्या बिळात भालेराव नावाचे साळिंदर सहकुटुंब राहत होते. साळिंदर म्हणजे काय हे ज्याला माहीत नसेल, त्याने अंगभर सुया खोचलेली उशी डोळ्यांपुढे आणावी. आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारू नयेत.

बीळ ऐसपैस नव्हतं, पण भागत होतं. एका खोलीत भालेराव, त्यांची बायको सगुणा आणि मुलगा बारकू झोपायचे. दुसरी खोली भालेरावांच्या आईची, म्हणजे सगुणेच्या सासूबाईंची. तिसरीत कंदमुळं. कंदमुळांना सगळ्यांत मोठी खोली होती. घरोघरी असंच असतं. तुमच्या घरातली सामानाची खोली आठवा.

तर काय झालं, सगुणेला पुन्हा दिवस गेले.

भालेरावांना आनंद झाला. सासूबाईंनाही झाला. बारकूला झाला नाही.

"मग बारकू कोण?" त्याने विचारलं.

"तूच की."

"आणि बाळ माझ्याहून बारीक निघालं तर?"

असं काही विचारलं की मोठी माणसं 'जा, खेळ जा' म्हणतात. मोठी साळिंदरंही तेच म्हणतात.

सगुणेला मात्र एकच गोष्ट हवी होती. तिला आईकडे जायचं होतं. तिचं माहेर टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, जुन्या जांभळाखाली होतं. बारकूच्या वेळी ती तिथेच होती. आईने तिला धावड्याचा डिंक खाऊ घातला होता आणि रोज पाठ चोळून दिली होती. साळिंदराची पाठ चोळायला, मुलांनो, आईच लागते. दुसरं कुणी धजत नाही.

"अहो आई," ती सासूबाईंना म्हणाली, "या खेपेलाही माहेरी जाऊ का?"

सासूबाईंनी कंद सोलायचा थांबवला. "अगं, पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. आपल्यात असंच आहे. मी काय मेलेय का तुझं करायला?"

सासूबाई वाईट नव्हत्या बरं का. आपल्यात काय आहे आणि काय नाही, एवढंच त्यांना पाठ होतं. आणि जे पाठ असतं ते म्हणून दाखवावंसं वाटतंच. तुम्ही नाही का पाहुण्यांसमोर पाढे म्हणत?

"आणि हो," त्या म्हणाल्या, "इतक्यात कुणाला कळू द्यायचं नाही. दृष्ट लागते."

सगुणा कोपऱ्यात जाऊन रडली. तिला फार एकटं वाटलं. घरात 'अहो आई' होत्या. 'अगं आई' टेकडीपलीकडे होती.

मग तिने डोळे पुसले आणि थोडा विचार केला.

इकडे भालेराव पाणवठ्यावरून उड्या मारत आले. तिथे त्यांना शहर पाहून आलेलं एक माकड भेटलं होतं.

"आपल्याला खोल्यांची फिरवाफिरव केली पाहिजे!" ते म्हणाले. "प्रत्येक मुलाला स्वतःची स्पेस लागते."

"काय लागतं?" सासूबाईंनी विचारलं.

"स्पेस. म्हणजे रिकामी जागा."

"रिकामी जागा घेऊन लेकरू काय करणार? त्याच्या अंगाखाली पाचोळा घाला."

पण भालेरावांनी तोवर पाठीचा एक काटा उपसून जमिनीवर नकाशा काढायला घेतला होता. नवरा नकाशा काढायला बसला की त्याला अडवू नये. सगुणेने अडवलं नाही.

"अहो आई," तिने अगदी गरीब आवाजात विचारलं, "बाळाची खोली कुठल्या बाजूला काढावी?"

"पूर्वेला. बाळंतिणीचं डोकं पूर्वेलाच हवं. आपल्यात असंच आहे."

जुनं जांभूळ पूर्वेला होतं. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण सगुणेनेही कुणाला सांगितलं नाही.

भालेरावांनी पूर्वेच्या भिंतीला नखं लावली. भराभरा माती निघाली. ती ढकलत ढकलत ते दाराकडे निघाले, तर दारात सासूबाई उभ्या.

"ही कुठे चालली?"

"माती ना? बाहेर टाकतो."

"बाहेर? दारापुढे ढीग दिसला की साऱ्या जंगलाला कळेल, भालेरावांकडे खोली वाढली म्हणजे कुणीतरी येणार. तो कोल्हा ढीग वाळायच्या आत पेढे मागायला हजर होईल. मातीचा कणही बाहेर जाता कामा नये!"

"मग ठेवू कुठे?"

"एवढं घर आहे की."

म्हणून भालेरावांनी माती कंदमुळांच्या खोलीत भरली. खोली गच्च भरली. मग कंदमुळं कुठे ठेवायची? ती नव्या खोलीत ठेवली.

"झाली का बाळाची खोली?" सगुणेने विचारलं.

"झाली. पण तिच्यात कंदमुळं आहेत."

एक खोली खणली की एक खोलीभर माती निघते, हे तुमच्या लक्षात आलं. भालेरावांच्या आलं नाही. ते उत्साहात होते. उत्साहात असलेल्या साळिंदराला तुम्ही कधी काही समजावून पाहिलंय? पाहू नका. टोचतं.

त्यांनी आणखी पूर्वेला नवी खोली खणली. तिची माती नवरा-बायकोच्या खोलीत भरली. मग झोपायचं कुठे? नव्या खोलीत.

"ही आपली मास्टर बेडरूम," भालेराव म्हणाले.

"छान आहे," सगुणा म्हणाली. "पण बाळाची कुठे?"

"या पलीकडे!"

"मग अहो, जरा उजव्या अंगाने घ्या. डावीकडे खडक लागेल." तिने भिंतीला नाक लावून वास घेतला. मातीला जांभळाच्या मुळांचा किंचित तुरट वास होता.

बायकोला घराची एवढी आवड आहे, हे पाहून भालेरावांना भरून आलं.

पुढची खोली झाली ती बारकूची. तिची माती कंदमुळांच्या नव्या खोलीत भरली आणि कंदमुळं आणखी पुढे सरकली. बारकूला त्याच्या स्वतंत्र खोलीत समारंभाने पोचवण्यात आलं. भालेराव परत येऊन टेकतात न टेकतात तोच तो मागोमाग आला.

"बाबा, माझ्या खोलीत कुणीच नाही."

"तीच तर स्पेस, बाळा."

"मग ती तुम्हीच घ्या." आणि तो आईच्या पोटाशी जाऊन झोपला.

एवढ्यात मागून हाका ऐकू आल्या. सासूबाईंची खोली आता फार मागे, पश्चिमेच्या टोकाला राहिली होती.

"मला एकटीला मागे टाकलंत होय रे? म्हातारी झाले म्हणून?"

भालेराव वरमले. त्यांनी आईसाठी पुढे खोली काढली आणि आईच्या जुन्या खोलीत माती भरली. सासूबाई नव्या खोलीत आल्या, चारही भिंतींचा वास घेतला आणि पूर्वेकडे डोकं करून पडल्या. त्यांना खोली आवडली. तसं त्या बोलल्या नाहीत. आपल्यात तसं बोलायचं नसतं.

असं होता होता सगळं घर टेकडीच्या पोटातून पूर्वेकडे सरकत राहिलं. खोल्या पहिल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. बाळाची खोली नेहमी पुढची असायची. सगुणेचं पोट वाढत होतं आणि 'जरा उजवीकडे' चालूच होतं.

एके दिवशी बारकूला शू लागली. तो गेला आणि तसाच परत आला.

"बाबा, दार सापडत नाहीये."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"आपल्याला दार होतं ना रे?" सासूबाईंनी विचारलं.

"होतं," भालेराव म्हणाले. "त्यात माती आहे."

"तू दारात माती भरलीस?"

"तूच म्हणालीस, कणही बाहेर जाता कामा नये!"

स्वतःचाच नियम असा आडवा आला की काय बोलावं, हे सासूबाईंना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच वेळी सगुणेला कळ आली. आता मात्र तीही घाबरली. मागे माती, पुढे भिंत आणि बाळ वाट बघायला तयार नाही. आई अजून लांब असली तर? आपण चुकीच्या उजवीकडे आलो असलो तर? तिने डोळे घट्ट मिटले आणि ओरडली,

"आई गं!"

"आले, आले," सासूबाई म्हणाल्या.

पण दुसरा आवाज भिंतीतून आला.

"काय गं, सगुणे?"

भालेराव भिंतीकडे बघत राहिले. सासूबाई भालेरावांकडे बघत राहिल्या. बारकूने भिंतीला कान लावला आणि किंचाळला, "आजी!"

"बघता काय?" सगुणा म्हणाली. "खणा! सरळ! आता उजवीकडे नको!"

भालेरावांनी दोन्ही हातांनी खणायला घेतलं. भिंत ढासळली. पलीकडे उबदार खोली होती. डिंकाचा वास सुटला होता. जांभळाच्या मुळाला टेकून सगुणेची आई साल सोलत बसली होती.

"या, जावईबापू," ती म्हणाली. "दारातून आला असतात तरी चाललं असतं."

सगुणा उठून निघाली. पण सासूबाई भोकापुढे आडव्या झाल्या.

"थांब! दुसरं सासरी. आपल्यात असंच आहे. सुनेचा पाय मी पलीकडे पडू देणार नाही."

"पाय ठेवा तुमच्याकडे, विहीणबाई," सगुणेची आई म्हणाली. "डोकं द्या माझ्याकडे."

सासूबाईंनी विचार केला. डोक्याबद्दल आपल्यात काहीच नव्हतं. होतं ते एवढंच, की ते पूर्वेला हवं. आणि ते तर पूर्वेलाच होतं.

म्हणून सगुणा त्या भोकात आडवी झाली. डोकं माहेरी, पाय सासरी. आईने तिची पाठ चोळली. सगुणा पुन्हा रडली, पण हे रडणं निराळं होतं. आणि थोड्याच वेळात एक मऊ काट्यांची मुलगी सासूबाईंच्या हातांत आली.

सासूबाईंनी तिला उचललं, छातीशी धरलं आणि त्यांचेही डोळे भरून आले.

"सासरीच झाली," त्या म्हणाल्या. "घराबाहेर कुणी पाऊलही टाकलं नाही."

"नाहीच टाकलं," सगुणेची आई म्हणाली आणि दोन्ही विहिणींना डिंक वाटला. म्हणजे स्वतःलाही.

मुलीचं नाव ठेवायच्या वेळी बारकू हटून बसला. बारकू तोच. म्हणून मुलीचं नाव थोरली ठेवलं. आजही त्या घरात मोठ्याला बारकू आणि धाकटीला थोरली म्हणतात. पाहुणे गोंधळतात, पण बारकू समाधानी आहे.

ते भोक काही कुणी बुजवलं नाही. बुजवायला माती लागते, आणि मातीचं नाव काढलं की सासूबाई उठून दुसऱ्या खोलीत जातात. बाळाच्या खोलीत कंदमुळं आहेत. झोपतात सगळे भोकाच्या अलीकडे-पलीकडे, ज्याला जिथे टोचत नाही तिथे.

भालेराव आता पाणवठ्यावर इतरांना घराची मांडणी शिकवतात. "आमचा प्लॅन पहिल्यापासून असाच होता," ते सांगतात. त्यांना तसं खरंच वाटतं. सगुणा ऐकते आणि मान डोलावते.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांचा शब्द कधीही मोडू नये. त्यांचे सगळे नियम एकाच वेळी आणि अगदी शेवटपर्यंत पाळावेत, म्हणजे आपण बरोबर आपल्याला हवं तिथे पोचतो. मात्र नवरा खणणारा असावा, आणि त्याला दिशा विचारायची सवय नसावी.