खिडकीचा करारनामा

कुटुंब समुपदेशनाच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या बाईंकडे सगळं होतं, फक्त बिघडलेलं कुटुंब नव्हतं. संस्थेचा नियम स्पष्ट होता. प्रमाणपत्र हवं तर एकाच कुटुंबाच्या सलग वीस बैठका व्हायला हव्यात आणि दर बैठकीनंतर सदस्यांची वाढ आलेखावर दिसायला हवी.

तीन कुटुंबं बाईंच्या हातची गेली होती. पहिल्या जोडप्याचा दुसऱ्या बैठकीनंतर संस्थेच्या जिन्यातच समेट झाला. बाई फार बोलतात, यावर दोघांचं लग्नानंतर पहिल्यांदाच एकमत झालं होतं. दुसऱ्या घरच्या सासू-सुना बैठकीच्या वेळेला सिनेमाला जाऊ लागल्या, त्याही हातात हात घालून. तिसरं कुटुंब तर बैठकीला यायचं कोणी यावरून भांडलं आणि तिथेच त्यांचं मिटलं. संस्थेच्या वहीत याला ‘अकाली समेट’ म्हणतात आणि असल्या बैठका धरत नाहीत.

“यंदा जमलं नाही तर पुन्हा पहिल्या वर्षापासून,” संचालक म्हणाले. “स्वतःचं कुटुंब आणा की.”

“पण सर, आमच्याकडे तसं काही नाही हो.”

संचालकांनी चष्मा काढला. “अरेरे! कधीपासून?”

बाईंच्या घरात नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी लेक. भांडण म्हणाल तर एकच, रोज सकाळचं. सासूबाई स्वयंपाकघराची खिडकी उघडायच्या, नवरा ती बंद करायचा. “गारठवून मारतेस का गं आई?” “आणि तू घुसमटवून मार मला!” तिथून मायलेकांची गाडी शेजाऱ्यांवर, मग गुडघेदुखीवर, मग कुठल्याशा आत्याच्या लग्नावर घसरायची. चहा दोनदा व्हायचा. कोण जिंकतंय ते लेक ओरडून जाहीर करायची. अर्जात ‘समस्या’ या शब्दापुढे काहीतरी लिहिणं भाग होतं, म्हणून बाईंनी लिहिलं, ‘खिडकी’.

तिसऱ्या बैठकीत करारनामा झाला. खिडकी सात ते आठ उघडी, आठ ते नऊ बंद, बदल हवा असल्यास एक दिवस आधी लेखी कळवावे. मायलेकांनी सह्या केल्या, नातीने साक्षीदार म्हणून केली. आलेख एकदम वर गेला आणि संचालकांनी बाईंची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी खिडकी सातला उघडली आणि आठला बंद झाली. मायलेकांची गाडी शेजाऱ्यांपर्यंतही घसरली नाही. चहा एकदाच झाला. आठवडाभरात लेक कानात हेडफोन घालून उभ्याउभ्या खाऊन जायला लागली, तशी बाईंनी संस्था गाठली.

“सर, घर गप्प झालंय हो.”

“छान! याला निरोगी अंतर म्हणतात,” संचालक म्हणाले. “वाढवा.”

बाईंनी वाढवलं. सातव्या बैठकीत नवऱ्याला कळलं, की तो आईत अतोनात गुंतलेला आहे. बिचाऱ्याला बावन्न वर्षं पत्ताच नव्हता! दहाव्या बैठकीत सासूबाईंचं “जेवलास का रे?” हे नियंत्रण ठरलं, म्हणून त्यांनी विचारणं सोडलं. तेराव्यात लेकीचं हसणं हा मुखवटा निघाला. आता घरात जो तो “मला असं जाणवतं की” इथून सुरुवात करायचा आणि पुढचं गिळून आपल्या खोलीत जायचा.

पंधराव्या बैठकीनंतर नवऱ्याने ऑफिसजवळ खोली घेतली. लेक वसतिगृहात गेली. त्याच आठवड्यात सासूबाईंनी बॅग भरली.

“लेकीकडे जाते गं. तिच्याकडे तीन खिडक्या आहेत, आणि जावई तापट आहे.”

“आई, थांबा ना. मी तो करार फाडून टाकते!”

“फाड की. पण भांडायला आता घरात आहे कोण?”

बाई धावत संस्थेत गेल्या. “सर, बंद करा हे. मला माझं घर परत हवंय.”

“पाचच बैठका राहिल्यात,” संचालक हळहळले. “आत्ता समेट केलात तर अकाली धरावा लागेल. बघा बुवा, मर्जी तुमची.”

बाई दोन दिवस ढसाढसा रडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पुढच्या बैठकीची सूचना पाठवली.

विसाव्या बैठकीला तिघे तीन पत्त्यांवरून वेळेवर आले. आलेख कागदात मावत नव्हता. सर्व सदस्य पूर्णपणे स्वतंत्र झाले, असा शेरा मारून संस्थेने बाईंना विशेष प्रावीण्य दिलं. टाळ्या थांबल्यावर नवऱ्याने फाइल उलटसुलट पाहिली.

“यात आई आहे, मी आहे, पोरगी आहे. तू कुठेयस?”

“मी? अहो, मी समुपदेशक आहे ना.”

“बरं,” तो म्हणाला आणि त्याच्या खोलीवर निघून गेला.

आज बाईंचं स्वतःचं समुपदेशन केंद्र आहे आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यांच्या अर्जात पहिलाच प्रश्न आहे, ‘घरातल्या कोणाला सुधारण्याची गरज आहे?’ येणारा प्रत्येक जण तो क्षणाचाही विचार न करता भरतो. स्वतःचं नाव आजवर एकानेही लिहिलेलं नाही. तुम्हीसुद्धा हा प्रश्न वाचताच घरातलं एक नाव मनात घेतलंत. तेवढं सांगा, बाकीचा अर्ज बाई भरून घेतील.