तीन उघडी दारं आणि एक मुलाखत

"अहो, तासभर स्वयंपाकघरात बसा आणि कशाला हात लावू नका," असा हुकूम देऊन बायको मुलाखतीला बसली. चौदा वर्षं गणित शिकवून झालं होतं. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी ही तिची तिसरी आणि वयाच्या अटीमुळे शेवटची संधी. खोलीत संगणकाच्या पडद्यावर तिघांची समिती हजर होती.

नवरोबांनी भांड्यांना हात लावला नाही. (एरवीही लावत नाहीत.) लॅपटॉप मात्र उघडला. विमा कचेरीतल्या या कारकुनाला हल्ली सुरक्षेचं वेड लागलं होतं, आणि नेटवर्कचं काम करणाऱ्या मेहुण्याने एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, पाठवली होती. ती राउटरच्या एकेका पोर्टवर टकटक करते आणि कुठलं दार उघडं आहे ते सांगते. फक्त बघा, असं मेहुण्याने बजावलं होतं.

त्रेपन्न, ऐंशी, चारशे त्रेचाळीस. भरदिवसा तीन दारं सताड उघडी! सेटिंगला पासवर्ड लागला. त्यांनी आठवून आठवून 'अ‍ॅडमिन' टाकलं, आणि पहिल्याच फटक्यात उघडलं. आपली स्मरणशक्ती शाबूत आहे, या आनंदात तिन्ही आकडे बंदीच्या यादीत टाकून त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"चारशे त्रेचाळीस बंद केलंत? भावोजी, सगळ्या वेबसाइट त्यावरूनच चालतात!"

"सगळ्या?"

"ताईची मुलाखतसुद्धा!"

नवरोबा बनियनवरच खोलीत घुसले. "थांब! माझ्यामुळे सगळं बंद पडलंय!"

पडद्यावरचे तिघे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यातल्या एकाने चष्मा सारखा केला, म्हणजे नेट चालू होतं.

"काही बंद पडलेलं नाही," बायको आवाज न चढवता म्हणाली. "आत जाऊन बसा."

ते जाऊन बसले. तेवढ्यात दारात वरच्या मजल्यावरचे काका. "आमचं नेट अचानक गेलं हो. तुमचं आहे का?"

गेल्या आठवड्यात घरचं नेट बिघडलं, तेव्हा काकांनीच आपल्या वायफायचा पासवर्ड दिला होता. लॅपटॉप अजून त्यालाच चिकटून होता, म्हणजे बंद झाली होती ती काकांच्या राउटरची दारं. नवरोबांनी आत जाऊन गुपचूप बंदी उठवली आणि "आता बघा" म्हणाले. "तुम्हाला यातलं बरंच कळतं," म्हणत काका खूश होऊन गेले.

संध्याकाळी निवडीचा फोन आला. नवरोबांचे डोळे भरून आले. "मला वाटलं, माझ्यापायी तुझी जागा गेली."

"उलट, तुमच्यामुळेच मिळाली. मी फार मवाळ आहे, शिस्त जमायची नाही, असं समितीचं मत होत आलं होतं, हे फोनवरच कळलं. तुम्ही एका वाक्यात परत गेलात, तशा अध्यक्षबाई म्हणाल्या, 'हिला आठशे मुलं काय जड!'"