'माणसं' या नावावर हरकती

ओढ्यावरचा पूल मंजूर झाला होता. पण नुसत्या मंजुरीवरून ओढा ओलांडता येत नाही, म्हणून डोंगरवस्तीवरची मावशी कार्यालयात विचारायला गेली. तिची नात रोज बापाच्या खांद्यावर बसून पलीकडच्या शाळेत जायची, आणि परवा पाणी बापाच्या छातीला लागलं होतं. मावशीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तिला पाहताच साहेब ताडकन उभे राहिले. ते आदर कक्षाचे प्रमुख होते. उभं राहणं हा कामाचाच भाग.

"आनंदाची बातमी! तुमच्या लोकांना आजवर ज्या नावानं ओळखलं जायचं, ते अपमानास्पद होतं. आम्ही ते सगळ्या कागदांवरून खोडलं."

"बरं केलंत. शिवीच होती ती. आणि पूल?"

"पूल त्याच नावावर मंजूर होता ना! आता तो कुणासाठी बांधायचा, हेच कळेनासं झालंय. नवं नाव ठरू द्या, लगेच काम सुरू. समितीत 'डोंगरभूषण' निघालं, 'मूळमान्यवर' निघालं. त्यावरून दोन सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले. आदरापोटीच, अर्थात."

"अहो, पण आम्हाला विचारायचं की! आमचं नाव आहे आमच्या बोलीत. त्याचा अर्थ 'माणसं'."

साहेब मटकन खाली बसले.

"माणसं? पण हे नाव आधीच वापरात आहे!"

"कोण वापरतं?"

"आम्ही!"

मावशीला हसू आवरेना. "मग वापरू की दोघं मिळून. झिजतंय थोडंच!"

छे! एका नावाचे दोन धारक नियमात बसेनात. शेवटी कक्षानं जाहीर सूचना काढली: सदर वस्तीस 'माणसं' म्हणण्यास पूर्वापार माणसांची हरकत नसल्यास तसे मुदतीत समक्ष येऊन कळवावे. येताना स्वतः माणूस असल्याचा पुरावा आणावा. गप्प बसणाऱ्यांची हरकत आहे, असे धरले जाईल.

सूचनेचं कौतुक मात्र काय विचारता! अग्रलेख आले. शाळेनं 'आदर' या विषयावर निबंध स्पर्धा घेतली. मावशीच्या नातीला भाग घ्यायचा होता, पण ओढा आडवा आला. शहरात मोठी सभा झाली. मावशीला व्यासपीठावर बसवलं, आणि सगळं सभागृह उभं राहून इतका वेळ टाळ्या वाजवत राहिलं की तिला पुलाबद्दल बोलायला मिळालंच नाही.

मुदत संपली त्या दिवशी ती पुन्हा कक्षात हजर.

"कोण कोण आलं?"

साहेब अदबीनं उभे राहिले. "त्याचं असं आहे, लोकांना कामं असतात..."

"कुणीच नाही?"

"एक गृहस्थ आले होते. पण पुरावा मिळाला नाही त्यांना."

"मग तुम्ही तरी सांगा की, हरकत नाही म्हणून!"

"मी?" साहेब दचकले. "मी पदावर आहे. मला माणूस म्हणून कसं येता येईल?"

मावशीनं कपाळावर हात मारला.

सध्या मुदतवाढ मिळाली आहे. कक्षाचं दार उघडं आहे, आणि ओढ्याचं पाणी वाढतंय. तुम्ही तर हरकत नाही म्हणून सांगायला जाणारच होतात म्हणे. फक्त ही गोष्ट वाचून होईपर्यंत थांबला होतात. ही बघा, झाली वाचून. लागा आता पुरावा शोधायला.