चार घरची उखळं

सुभेदार आबांची मोटार चातुर्मास पाळायची. म्हणजे देव झोपले की ती झोपायची, देव उठले की उठायची. आषाढी एकादशीला तिची चाकं जमिनीवरनं वर जायची, ती कार्तिकीला खाली टेकायची. आमच्या गावात चार महिने कांदा सोडणारे पुष्कळ होते, पण पेट्रोल सोडणारी ती एकटीच.

आमचं गाव उंब्रजच्या अलीकडं, सडकेपासून मैलभर आत. तो मैल सगळा काळ्या मातीचा. पावसाळ्यात तिथं बैल रुतायचा, मोटारीची काय कथा! त्यामुळं गाडी चार महिने ठेवून देण्यात तसं शहाणपणच होतं. पण आबांनी शहाणपणाचीसुद्धा कवायत करून टाकली होती.

आबा आमचे शेजारी. मधे कमरेइतकी भिंत, एवढंच अंतर. पलटणीतनं पेन्शनीत निघाले, ते साताऱ्यातल्या कुणा साहेबाची काळी, चौकोनी नाकाची मोटार घेऊनच गावात आले. घरात दुसरं माणूस नाही. बायको ते पहिल्या लढाईत तिकडं अरबस्तानात बसऱ्याला असतानाच गेली, पोरबाळ नाही. मग सगळं लक्ष त्या मोटारीवर.

आणि माझंही. खोटं कशाला बोलू, मी जळायचो. ती यायच्या आधी गावात वाहन म्हणजे माझी धमणी. खिल्लारी बैल, पितळी घुंगरं, आत टेकायला लोड. नवरदेव मिरवायचा असला की पाच गावची माणसं ‘अण्णा, तेवढी धमणी’ म्हणत सकाळपासून माझ्या ओट्यावर बसायची. मोटार आली आणि ओटा मोकळा झाला. पुढं पुढं तर बैलांनासुद्धा ते कळलं असावं, कारण ते कडब्याला तोंड लावीनात. मी शपथच घेतली होती, या डबड्याला कधी हात लावणार नाही. डबडं म्हणायचो खरा, पण भिंतीवरनं दिवसातनं दहा वेळा बघायचोही.

आषाढीच्या सकाळी आबा खाकी चड्डी घालून, पायाला पट्ट्या गुंडाळून, मिशीला तेल लावून गाडीपुढं ताठ उभे राहायचे आणि मोठ्यानं हुकूम सोडायचे. “पानी निकाल!” हुकूम देणारे तेच आणि “जी साब” म्हणून गाडीखाली शिरून पाणी सोडणारेही तेच. पेट्रोल काढायचं कामच नसायचं. दुसरी लढाई चालू होती, ते कुपनावर मिळायचं, टाकीत नुसता वास. बॅटरी काढून देवघरात ठेवायचे, तिला रोज उदबत्ती. गाद्यांवर कडुलिंबाचा पाला. धूर निघायच्या नळीत उंदरांसाठी कापडाचा बोळा. असं का, तसं का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, “हुकूम हाय.” कुणाचा, ते विचारायची सोय नाही.

एका वर्षी बोळा घालायचा राहिला. कार्तिकीला गाडी उठवायला सगळं गाव जमलं. मीही गेलो होतो, सहज, नवं धोतर नेसून. आबांनी दांडा फिरवला, गाडी खोकली, शिंकली, आणि नळीतनं उंदरांनी चार महिने साठवलेल्या शेंगांची फोलपटं फाडकन सुटली ती थेट माझ्या धोतरावर. सगळं गाव हसलं. आबा तेवढे हसले नाहीत. माझ्यापुढं येऊन सलाम ठोकून म्हणाले, “चूक पलटणीची हाय, अण्णा.” त्या सलामानं माझा आणखीच भडका उडाला. भांडायलासुद्धा जागा ठेवत नसे हा माणूस!

पण खरी गंमत उखळांची. चार महिने टायर जमिनीला टेकून राहिलं की दबतं, फाटतं, म्हणून गाडी उचलून ठेवायला हवी. त्यासाठी आबा गावातल्या चार घरची दगडी उखळं मागून आणायचे आणि पालथी घालून एकेका चाकाजवळ एकेक द्यायचे. पाटलांचं, मुल्लांचं, शिंप्याचं आणि आमचं. या चार घरच्या बायका चार महिने मिरच्या कुटायला दुसऱ्यांच्या दारात. बदल्यात कार्तिकीला चारी घरच्या माणसांना मोटारीतनं उंब्रजपर्यंत फेरी. लोकांची उखळं पांढरी होतात, आमचं मोटारीखाली जायचं.

आमची कारभारीण फेरीला दरवर्षी जायची. “आवं, चला की तुमीबी,” म्हणायची. मी म्हणायचो, “बैलांना पाणी दावायचंय.” परत आली की तिचे केस विस्कटलेले, तोंडावर हसू. “काय वारं लागतंय वो तोंडाला! लय ग्वाड वाटतं.” पंधरा वर्षं ती माझ्या धमणीत बसत होती. तिथं कधी वारं लागल्याचं तिनं सांगितलं नव्हतं.

ते माझ्या जिव्हारी लागलं. मी ठरवलं, औंदा उखळ द्यायचं नाही.

आबा एकादशीच्या आठ दिवस आधी येत. एकेक दिवस एकेक घर. आमच्याकडं आले की पडवीत बसत, दोन कप चहा घेत, पोरांची नावं माहीत असून पुन्हा विचारत, बसऱ्याच्या उंटाची तीच गोष्ट तशीच सांगत. मग त्या उखळातली शेवटची म्हणून लसणाची चटणी भाकरीवर घेऊन खात आणि मग विषय काढत. उखळ जागचं हलायला दोन तास लागत.

त्या वर्षी मी त्यांना पडवीत चढूच दिलं नाही. कारभारीण पाणी आणायला गेलेली. दारातच म्हणालो, “आबा, उखळ चिरलंय औंदा.”

“चिरलंय?”

“व्हय. उभी चीर गेलीय. वजन घेणार न्हाई.”

त्यांनी आत बघितलं, चुलीकडं. मग म्हणाले, “बरं बरं. दगडाचं काय, त्योबी म्हातारा हुतोय,” आणि टाच वाजवून गेले. चहा राहिला, उंट राहिला, चटणी राहिली. मी आत येऊन एकटाच हसलो. बरी जिरवली!

एकादशी आली. मी भिंतीशी जागा धरली. आबांनी पाला पसरला, बोळा घातला, हुकूम सोडले. जॅकनं एकेक बाजू उचलून तीन उखळं दिली. चौथ्या चाकाशी आले आणि थांबले. जॅक काढून घेतला आणि घरात गेले. मागचं डावं चाक तसंच जमिनीवर. लंगडा बैल उभा राहावा तशी गाडी वाकडी उभी.

मला वाटलं, दुपारी दुसरं काही लावतील. नाही लावलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गाडी तशीच, आणि आबा पायरीवर बसून तिच्याकडं बघतायत. मला आनंद व्हायला हवा होता. पण गाडीच्या मागं, चार हातांवर, त्यांच्या घराच्या बांधकामातनं उरलेल्या घडीव दगडांचा ढीग होता. एकेक दगड असा चौरस की हत्ती उभा करावा. तो मला एकदम आताच दिसला. वर्षानुवर्षं तिथंच होता, पण माझी नजर मोटारीपलीकडं कधी गेलीच नव्हती.

न राहवून मी भिंतीवरनं म्हणालो, “आबा, मागं एवढं दगड पडल्यात. एक लावा की.”

“हायत की,” ते म्हणाले. “दगडाला काय तोटा?”

“मग उखळं कशाला मागत फिरता दरसाल?”

आबांनी मिशीवरनं हात फिरवला. हुकूम सांगतील असं वाटलं. पण म्हणाले, “अण्णा, दगड आपल्या परसात हाय. त्यो आणायला कुणाच्या दारात जावं लागत न्हाई.”

मी भिंतीवर कोपर टेकलं.

“उखळ मागाय गेलं की माणूस बस म्हणतं. च्या टाकतं. सुभेदारानं उगंच कुणाच्या पडवीत कसं जाऊन बसायचं? काय काम काढलं, म्हणत्यात. काम लागतं, गड्या.” मग भिंतीकडं मान करून म्हणाले, “तुमच्यात सांजच्याला पाच माणसं एकदम बोलत्यात. कोण काय बोलतंय त्ये कळत न्हाई हिकडं. नुसता आवाज येतो. म्या भाकरी घिऊन हितं पायरीवर येतो मग. सूनबाई तुझ्यावर वरडाय लागली की म्हनतो, नशीबवान हाय लेकाचा.”

माझ्यावर! माझ्यावर जळत होता हा माणूस! आणि तेही माझी बायको माझ्यावर ओरडते म्हणून!

मी तसाच घरात शिरलो. कारभारीण उखळात मिरच्या कुटत बसली होती. मुसळ तिच्या हातातनं घेऊन बाजूला ठेवलं आणि उखळ उचललं.

“आवं, आवं! मिरच्या हायती त्यात! खुळं लागलं का काय?”

मिरच्या तिथंच ओतल्या आणि उखळ खांद्यावर घेऊन निघालो. भिंतीवरनं देता येण्यासारखं ते नव्हतंच, सगळा वळसा घालून गेलो. मिरच्यांचा खकाणा नाकात, डोळ्यांत. आबांच्या अंगणात पोचेपर्यंत धारा लागल्या होत्या. मागं कारभारीण दारात येऊन ओरडतच होती, आणि ती ओरडत असताना आबांची मान तिकडंच होती.

उखळ मी चाकाजवळ पालथं घातलं. आबा उकिडवे बसले. चष्मा चढवला आणि दगडावरनं सगळीकडनं बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं.

“चीर कुठाय रं?”

“न्हाई,” मी म्हणालो. “खोटं बोललो मी, आबा.”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्यानं बराच वेळ पुसला. “लय तिखट हायती सूनबाईच्या मिरच्या,” म्हणाले, आणि डोळेही पुसले.

मग उठले, टाच वाजवली. “पकडो!” त्यांनी जॅक फिरवला आणि मी दोन्ही हातांनी मोटार धरली. पत्रा उन्हानं गरम झाला होता. शपथ मोडली ती तिथं. चाक वर उचललं, उखळ नीट बसलं, गाडी सरळ झाली.

“चला आता,” मी म्हणालो, “चहा राहिलाय तुमचा.”

“काम काय म्हणून सांगू सूनबाईला?”

“काय नको,” मी म्हणालो. “हुकूम हाय म्हणा.”

ते पुढं झाले. आमच्या दारातनं अजून ओरडणं चालूच होतं, आणि आबा भराभर पावलं टाकत निघाले होते, ते संपायच्या आत पोचावं म्हणून.