विमानाने पावणेतीन तास

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली, तेवढं सांभाळून घ्यावं. पण करंदीकरकाकांबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं.

कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर काका एकटे राहतात. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कुठलाही वेळ सांगा, ते तो विमानात बसवून परत देतात. बराकपूरहून यायला दीड तास लागला म्हटलं की, "दीड तास? तेवढ्यात मी रायपूर ओलांडतो!" गावाचं नाव ऐकलं की पहिला प्रश्न, "विमानतळ आहे का?" नसेल तर त्या गावाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं राहत नाही.

एकदा बाजारात मासेवाला म्हणाला, "घ्या काकाबाबू, दीघ्याचं ताजं पापलेट."

"दीघ्याला विमान नाही. म्हणजे हे रस्त्याने आलं. ताजं कसं?"

"काकाबाबू, मासा तिकीट काढून येतो का?"

सगळे हसले. काका मेथीची जुडी घेऊन घरी आले.

गेल्या वर्षी पुण्याहून भावाचा फोन आला. आई दवाखान्यात आहे, सारखं तुझं नाव घेतेय. आमचे हे एका साहेबांची गाडी चालवतात, महिनाअखेर होती. मी जिन्यात बसले होते. काका उतरता उतरता थांबले, त्यांना सगळं सांगितलं.

"गाडीने कधी पोचशील?"

"परवा."

"परवा! हवेतून सोळाशे किलोमीटर, पावणेतीन तास. परवापर्यंत थांबते असं आईने लिहून दिलंय का?"

"काका, मला इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत. आणि पैसे..."

"पैसे महिन्याला थोडे थोडे दे. पाट्या मी वाचतो."

त्यांनी दोन तिकिटं काढली. विमानात मी डोळे मिटून बसले होते. काका म्हणाले, "बघ, खाली रायपूर."

"नुसते ढग आहेत हो."

"ढगांखाली आहे. जाईल कुठे?"

पुण्यात भाऊ न्यायला आला होता. म्हटलं, काका, घरी चला, जेवून जा. ते म्हणाले, "माझं परतीचं विमान आहे. पुण्यात आता माझं कोण?" आणि वळून पुन्हा आत गेले.

आईने मला ओळखलं. आता ती काठी घेऊन अंगणापर्यंत चालते.

दर पहिल्या तारखेला मी काकांकडे पैसे घेऊन जायचे. त्यांच्या तिकिटाचे घेतले नाहीत, फक्त माझ्या तिकिटाचे घेतले. चहा तेच करायचे, फार गोड.

शेवटचा हप्ता दिला तेव्हा म्हटलं, "काका, फिटले."

त्यांनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. म्हणाले, "शंभर राहिले."

राहिले नव्हते. जन्मभर बँकेत नोटा मोजलेला माणूस.

पुढच्या पहिल्या तारखेला शंभराची नोट घेऊन वर गेले. दार उघडंच होतं, चहाचे दोन कप मांडलेले होते. काकांनी नोट घेतली आणि म्हणाले, "हं. आता पुरे झाले. बस, चहा घे."