भामाअक्कांच्या बेटावरची निवडणूक

दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी, मुकुंदवाडीतल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, भामाअक्का राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्या. देश संगणकावरच्या खेळातला होता: चहूकडे समुद्र, नारळाची झाडं, एक बंदर आणि अननस डब्यांत भरणारा एक कारखाना. निकालाच्या वेळी खोलीत आम्ही तिघं होतो. अक्का, त्यांच्या समोरच्या दारातले शेखचाचा आणि मी. मी वर्तमानपत्रात काम करतो. अक्का मला ‘पेपरवाले’ म्हणतात.

अक्का साठी ओलांडलेल्या. धनगराच्या घरातल्या. निम्मं आयुष्य शेंद्र्याच्या बाजूला मेंढरांमागं गेलं. तिथलं रान कारखान्यांत गेल्यावर कुटुंब शहरात आलं. पुढं यजमान वारले, मुलगा गणेश नोकरीला पुण्यात गेला. आईला करमावं म्हणून जुना संगणक ठेवून गेला आणि हा खेळ शिकवून गेला. खेळात बेटावर शहर वसवायचं, रस्ते आणि कारखाने बांधायचे, लोकांना खूश ठेवायचं. अधूनमधून निवडणूक होते. हरलं की बेट गेलं.

अक्कांची याआधीची सगळी बेटं गेली होती. पहिलं मेंढरांमुळं. त्यांनी डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत कुरणच केलं.

“आई, लोकांना घरं लागतात,” गणेश फोनवर म्हणाला.

“मग मेंढरांनी काय तुझ्या हापिसात चरावं व्हय?”

नळाला पाणी आलं की अक्का खेळ थांबवून उठतात. जहाजं समुद्रात थबकतात, माणसं एक पाय उचलून रस्त्यात उभी राहतात. “ऱ्हाऊ द्या तशीच. हंडे भरून येते.”

हे बेट सुरू करताना खेळानं राजधानीचं नाव विचारलं. तेव्हा आमच्या शहराचं नाव बदलल्यानं पाट्या बदलत होत्या आणि इमारतीच्या जिन्यात रोज त्यावरून वाद होत. चाचांनी विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळचे बंदही पाहिलेले. ते म्हणाले, “सोच के रखो अक्का. नाम पे इधर बहोत होता.” अक्का विचार करत राहिल्या आणि त्यांचं बोट ‘एम’वरच राहिलं. राजधानीचं नाव ‘मममम’ पडलं. त्यावर कुणाचीही हरकत आली नाही.

या वेळची अडचण एका झोपडीची होती. बंदर आणि कारखाना यांच्या मधोमध एका मेंढपाळाची झोपडी होती. अक्कांनी रस्ता वळसा घालून नेला. गाड्या खोळंबल्या, कारखाना थांबू लागला, कामगार चिडले. लोकप्रियतेचा काटा खाली आला आणि निवडणूक जाहीर झाली. झोपडी पाडायला एक बटण पुरत होतं.

“गिरा दो जी,” चाचा म्हणाले. “कौनसा सच्ची का आदमी है.”

“खोटं हाय तर रोज कशाला बघाया येता?”

चाचांनी चहाचा कप उचलला.

गणेशनं फोनवर तेच सांगितलं. “आई, हरशील. सगळे पाडतात.”

“सगळे पाडत्यात म्हनून मी बी पाडू? ठेव फोन. मतदान जवळ आलंय माझं.”

झोपडीच्या पलीकडं राष्ट्राध्यक्षांची बाग होती आणि बागेत राष्ट्राध्यक्षांचा पुतळा. अक्कांनी आधी बाग मोडली, मग पुतळा पाडला. “माझ्यावानी दिसत बी नाय. मिशा हायेत त्याला.” रस्ता तिथून सरळ गेला. गाड्या सुटल्या, कारखाना चालू झाला, काटा चढला.

निकाल लागला तेव्हा पडद्यावर आतषबाजी झाली. चाचा खाली जाऊन हलवायाकडून इमरती घेऊन आले. जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, “अपनी अक्का जीत गई.” तळमजल्यावरच्या एकानं, कोणत्या वॉर्डातून, असं विचारलं.

खेळात कुठल्याही माणसावर बाण नेला की त्यानं मत कुणाला दिलं ते दिसतं. अक्कांनी बाण मेंढपाळावर नेला. त्याचं मत विरोधात पडलं होतं.

“नमकहराम,” चाचा म्हणाले.

“त्याची मर्जी,” अक्का म्हणाल्या. “इचारलं तर खरं त्याला.”

अक्का पडद्याकडं बघतच बोलल्या. “आमचं रान द्यायचं ठरलं तवा सासरे, दीर, समदे लिंबाखाली बसले हुते. च्या मी केला. समद्यांनी पिला. मेंढरं मी राखायची त्या रानात. तुला काय वाटतंय, असं कुनी इचारलं नाय. आमच्या मालकानं बी नाय.”

मग त्यांनी इमरतीचा तुकडा तोंडात टाकला आणि नव्या कारकिर्दीतला पहिला हुकूम दिला: मेंढपाळाच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत पायवाट. ती त्याच दुपारी बांधून झाली.